रत्नागिरीचा किनारा : माणसांची मोजणी आणि घरांची मोजणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या सिंहावलोकनाचा प्रसंग होय. परंतु कोणतीही संस्था अधांतरी उभी राहत नाही. ज्या गावात ती वाढते त्या गावात माणसे किती, ती कोठून आली, कोणत्या घरांत राहतात आणि किती जण घराला कुलूप लावून निघून गेले, यांवर संस्थेचे भवितव्यही अवलंबून असते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी रत्नागिरी शहराच्या कडेने पसरलेल्या किनारी वस्त्यांचा विषय निवडला आहे. उत्तरेस शिरगावची खाडी, दक्षिणेस काजळी नदीच्या मुखाशी असलेली भाट्ये खाडी, पश्चिमेस रत्नदुर्ग आणि मिऱ्या डोंगर, तर पूर्वेस नाचणे, कुवारबाव, मिरजोळे ही रस्त्याकाठी वाढत चाललेली गावे, एवढा हा परिसर आहे.

या परिसराचा इतिहास त्याच्या वस्त्यांच्या नावांतच साठवलेला आहे. शहराच्या जुन्या भागात टिळक आळी, तेली आळी अशा आळ्या आहेत. समुद्राकडे उतरताना घुडेवठार, चवंडेवठार, खडपेवठार अशी वठारे लागतात. किनाऱ्यावर मुरुगवाडा, मिरकरवाडा, राजिवडा हे वाडे आहेत. मिऱ्याकडे गेल्यास जाकीमिऱ्या आणि सडामिऱ्या अशी दोन गावे भेटतात. त्यांतील सडामिऱ्याच्या नावातच कातळाचा सडा आहे. मारुती मंदिराच्या पुढे मात्र शिवाजीनगर, कोकणनगर अशी ‘नगरे’ सुरू होतात आणि त्यांच्याही पुढे पार्क, संकुल, रेसिडेन्सी ही नावे दिसू लागतात. आळी, वठार आणि वाडा या शब्दांत माणसाची जात, व्यवसाय किंवा कुळ सांगितलेले असते. नगर आणि संकुल या शब्दांत ते सांगितलेले नसते. दीड-दोनशे वर्षांत रत्नागिरीच्या वस्तीत काय बदल झाला, याचे सार या नावांच्या क्रमात सापडते.

इंग्रजी अमलात १८१९ साली दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्याचे मुख्य ठिकाण बाणकोट होते. १८२२ साली ते अधिक मध्यवर्ती म्हणून रत्नागिरीस आणण्यात आले. त्यामुळे मासेमारी, बागायत आणि किनारी व्यापार यांवर जगणाऱ्या गावात कचेरी, न्यायालय, शाळा आणि तुरुंग आले. कारकून, वकील व शिक्षक आले. त्यांच्या पाठोपाठ पेठेत दुकाने वाढली. घाटावरून आणि गुजरात-राजस्थानाकडून आलेल्या व्यापारी कुटुंबांनी, त्यांत जैन कुटुंबेही होती, खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी घरे थाटली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली येथे आणला गेला, भाड्याच्या बंगल्यांत राहिला, १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात गेला आणि १९१६ साली येथेच निवर्तला. बाहेरून आलेल्यास जागा देण्याची सवय या गावाला जुनी आहे, हे यावरून दिसते.

वस्तीचे मूळ ताणेबाणे मात्र निसर्गाने आणि व्यवसायाने विणले. होडी जेथे लागते तेथून कोळ्याला दूर राहता येत नाही. म्हणून दालदी, खारवी, गाबीत यांची घरे पाण्यालगत, भिंतीला भिंत लागून उभी राहिली. जाळी विणण्याची आणि मासळी सुकवण्याची जागा सर्वांची सामाईक असे. भंडारी समाज माडाच्या आश्रयाने राहिला. त्याचे घर आगरात, चहूबाजूंनी नारळी-पोफळी. ब्राह्मण, वाणी व इतर मंडळींची घरे आळीत, रस्त्याला सन्मुख, मागे विहीर आणि परसू. कुणबी व मराठा शेतकऱ्यांच्या वाड्या भातशेतीच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी. दलित वस्ती गावकुसाबाहेर, हीदेखील त्या विणीचीच एक कठोर दोरी होती. ती दोरी तोडण्याचा एक प्रयत्न याच शहरात झाला. येथील भंडारी समाजातून पुढे आलेले दानशूर भागोजीशेठ कीर यांनी खर्च उचलला आणि १९३१ साली सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. मंदिराचे दार उघडले तरी वस्त्यांच्या सीमा बराच काळ तशाच राहिल्या, कारण घराची जागा बदलणे हे देवळात प्रवेश करण्याहून अवघड असते.

या सर्व घरांना एकच दगड लाभला, तो म्हणजे जांभा. सड्यावरच्या खाणीतून काढलेला चिरा कोवळा असताना सहज तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो. गरिबाच्या घरी मातीची भिंत आणि गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर असे. ऐपत आली की चिऱ्याची भिंत आणि नळीची कौले येत. पुढे मंगलोरी कौले आली. पुढे अंगण व तुळशीवृंदावन, मग ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागचे दार, ही मांडणी लहानमोठ्या आकारात बहुतेक ठिकाणी आढळते. लोकमान्य टिळकांचे टिळक आळीतील जन्मस्थान आज स्मारक म्हणून जपलेले आहे. या मांडणीचा नमुना तेथे आजही पाहता येतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भूमीवर उतरते छप्पर ही शोभेची वस्तू नव्हती. सिमेंटचा सपाट स्लॅब आल्यावर अनेकांनी त्याच्यावरही पत्र्याचे उतरते छप्पर घातले, ते उगीच नव्हे. खारा वारा सिमेंटमधल्या सळईपर्यंत पोहोचला की सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. चिऱ्याच्या भिंतीला हा रोग नाही. तिला लागते ती वर्षाकाठची कौलांची परतणी आणि घरात पेटणारी चूल. धूर लागलेले वासे टिकतात आणि बंद घराचे वासे वाळवी खाते. म्हणून कोकणातले घर माणसाच्या राबत्यावर उभे असते, असे जुनी माणसे म्हणत.

तो राबता मात्र शतकभरापूर्वीच आटू लागला. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांना सर्वाधिक मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे नाव अग्रभागी होते. पुरुष बोटीने मुंबईस गेला, खोलीत दहा जणांबरोबर राहिला आणि महिन्याला मनीऑर्डर धाडत राहिला. घर राखले ते मागे राहिलेल्या बायकांनी. किनाऱ्यावरच्या मुसलमान कुटुंबांतील पुरुष पूर्वी जहाजांवर खलाशी म्हणून जात. १९७० नंतर ते आखाती देशांत जाऊ लागले आणि त्या कमाईतून खाडीकाठच्या गावांत दुमजली बंगले उभे राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची वाट पूर्वीसारखी राहिली नाही. तरीही जाणे थांबले नाही. पूर्वी एकटा पुरुष जात असे, नंतर संपूर्ण कुटुंब जाऊ लागले. हा फरक लहान दिसला तरी घराच्या दृष्टीने निर्णायक ठरला. पुरुष गेला तेव्हा घर उघडे राहिले होते. कुटुंब गेले तेव्हा दाराला कुलूप लागले.

जनगणनेचे आकडे या कथेला दुजोरा देतात. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. देशाची आणि राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात दहा वर्षांत सुमारे ८२ हजार माणसे कमी झाली. घट ४.८२ टक्क्यांची होती. त्याच गणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. स्त्रियांची ही संख्या पाहून काही जण जिल्ह्याचे कौतुक करतात. मुलीचा जन्म येथे बोजा मानला जात नाही, हे काही अंशी खरे असेलही. परंतु आकड्याचे मुख्य कारण पुरुषांची अनुपस्थिती हेच आहे. तो आकडा गावात किती पुरुष नाहीत हे सांगतो.

याच काळात रत्नागिरी शहर आणि त्याच्या कडेची गावे मात्र वाढली. शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ७६ हजारांवर गेली आणि खरी वाढ नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर झाली. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि तिचे स्थानक शहरापासून काही अंतरावर असल्याने नाचणे-कुवारबाव भागाला महत्त्व आले. मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत, १९८१ पासूनचे शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, १९९६ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि २०२३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी विद्यार्थी, प्राध्यापक, तंत्रज्ञ व परिचारिका आणल्या. तालुक्याच्या आतल्या गावांतील कुटुंबेही मुलांच्या शिक्षणासाठी आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठी शहराजवळ येऊन राहिली. मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या दुतर्फा इमारती उभ्या राहिल्या. हद्दीची एक रेघ ओलांडली की नगरपरिषद संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. घरे शहरासारखी, परंतु सांडपाणी, कचरा आणि नळपाणी यांची व्यवस्था गावाच्या ताकदीची, अशी या उपनगरांची स्थिती आहे.

या उपनगरांतला रहिवासीही पूर्वीचा राहिलेला नाही. मासेमारीच्या होड्यांवर खलाशी म्हणून आणि हापूसच्या बागांत राखणीला नेपाळमधून आलेली माणसे कित्येक वर्षे काम करीत आहेत. चिरेखाणींत, रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामांवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे दिसतात. सुतारकाम, रंगकाम, फरशीकाम यांसाठी उत्तर प्रदेश-बिहारकडील कारागीर आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होडीवरचे बरेच खलाशी गावी जातात आणि ऑगस्टपासून परततात. यांच्यातील अनेकांचे घर म्हणजे बागेतली झोपडी, बांधकामाजवळची पत्र्याची शेड किंवा नांगरलेली होडी. खोलीचे भाडे देण्याची ज्यांची ऐपत आहे तेही चार-चार, सहा-सहा जण मिळून एका खोलीत राहतात. शंभर वर्षांपूर्वी गिरगाव-लालबागच्या खोलीत रत्नागिरीचा माणूस जसा राहत होता, तसाच आज नेपाळचा आणि कर्नाटकाचा माणूस रत्नागिरीत राहतो आहे. ज्या जिल्ह्याने ते दिवस भोगले, त्याने तरी हे साम्य विसरू नये.

श्रोतेहो, आता या दोन चित्रांना एकमेकांशेजारी ठेवून पाहावे. एकीकडे वाडीत चिऱ्याचे घर, समोर अंगण, विहिरीला पाणी आणि दाराला कुलूप. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात ते उघडते. उरलेले दिवस शेजारची म्हातारी किल्ली सांभाळते. दुसरीकडे दोन-चार कोसांवर एका खोलीत सहा माणसे. एका जागी घर आहे आणि माणूस नाही. दुसऱ्या जागी माणूस आहे आणि घर नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांची टंचाई आहे असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. येथे घर आणि माणूस यांची फारकत झाली आहे. या फारकतीची मोजणी नीट होत नाही, हाच आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

मोजणीला एवढे महत्त्व का द्यावे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर समुद्रकिनाऱ्याच्या कायद्यात आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली, दुसरी २०११ मध्ये आणि तिसरी जानेवारी २०१९ मध्ये. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधावे आणि काय बांधू नये हे त्यांनी ठरवले. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र होते. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसे राहतात तेथे ना-विकास क्षेत्र ५० मीटरचे करण्याची तरतूद झाली. जेथे तेवढी माणसे नाहीत तेथे ते २०० मीटरच राहिले. म्हणजे घर कोठे बांधता येईल हे ठरवणारा आकडा माणसांच्या मोजणीतून येतो.

हा निकष कोकणी गावाला लावला की त्याची अडचण ध्यानात येते. रत्नागिरी जिल्ह्याची २०११ ची सरासरी घनता दर चौरस किलोमीटरला १९७ होती. २१६१ हा आकडा तिच्या जवळजवळ अकरापट आहे. येथील किनारी गावाची महसुली हद्द पुळणीपासून सुरू होते, आगर ओलांडते, भातखाचरे घेते आणि डोंगर चढून सड्यावर जाते. सड्यावर वस्ती नाही, उतारावर कलमांच्या बागा आहेत. माणसे सारी खालच्या अरुंद पट्टीत, घराला घर लागून राहतात. भागाकार मात्र संपूर्ण हद्दीचा होतो. त्यामुळे वाडी कितीही दाट असली तरी कागदावर गाव विरळ ठरण्याची शक्यता असते. त्यात वाडीतली निम्मी माणसे मुंबईत मोजली गेलेली असतात. भाऊ वेगळा झाला, घर अपुरे पडले आणि पुढच्या पिढीला त्याच पट्टीत जागा हवी असली की कायद्याची रेघ आडवी येते. अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, त्याच जोत्यावर ते पुन्हा उभारता येते. जोते वाढवणे मात्र सोपे नाही.

या कायद्याला केवळ अडचण समजणेही योग्य नव्हे. समुद्र स्वतःची हद्द स्वतःच मागत असतो, हे मिऱ्याच्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. पांढऱ्या समुद्राच्या बाजूने पावसाळी उधाणात जमीन खचत आली, माडांच्या रांगा गेल्या आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज नांगर तुटून मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन आदळले. ते काही वर्षे तेथेच पडून होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने पुन्हा कौले उडवली आणि झाडे पाडली. भरतीरेषेजवळ नवे बांधकाम नको असे शास्त्र सांगते, त्यामागे हा अनुभव आहे. म्हणून प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावर नवी घरे उभारण्यात शोधण्यापेक्षा, सुरक्षित जागी जी घरे आधीच उभी आहेत आणि बंद आहेत त्यांच्यात शोधणे शहाणपणाचे ठरेल.

बंद घर उघडण्याच्या आड तीन गोष्टी येतात.

पहिली गोष्ट मालकीची. आजोबांच्या नावाचे घर, त्यांचे पाच मुलगे व तीन मुली, त्यांची मुले आणि नातवंडे, अशी नावे वाढत जाऊन एका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास वारसांची नोंद होते. कोणी बोरिवलीत, कोणी पुण्यात, कोणी परदेशात. घर सर्वांचे असते, म्हणून दुरुस्तीचा खर्च कोणाचाच नसतो. एकाने कौले परतली तर दुसऱ्याला वाटते की तो हक्क सांगू लागला. शिवाय कोकणातली घरे गावठाणात एकवटलेली नसून वाड्या-वाड्यांत विखुरलेली असतात आणि पुष्कळ घरे शेतजमिनीत उभी आहेत. गावठाणातील घरांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. गावठाणाबाहेरच्या वाडीतील घराला मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदीवरच समाधान मानावे लागते. ती नोंद कर आकारणीपुरती असते. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. भाडेकरू ठेवला तर तो उठणार नाही, या जुन्या धास्तीने अनेक घरे बंद राहतात. मुंबईतील पागडीच्या खोल्यांचे खटले ऐकून ही धास्ती पक्की झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातील तरतुदीनुसार रजा व परवाना करार लेखी करून नोंदवला, तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. हा करार न नोंदवणे हा घरमालकाचा दोष धरला जातो. कायदा पंचवीस वर्षांचा झाला, तरी पुष्कळ मालकांना त्याची माहिती नाही. अकरा महिन्यांचा तोंडी व्यवहार आणि कोरी पावती यांवरच अजून काम चालते. पुढे वाद झाला की दोष कायद्याला दिला जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. घर कोणाला द्यायचे? जुन्या आळीत आणि वठारात हा प्रश्न नव्हता, कारण तेथे प्रत्येकाची जागा जन्मानेच ठरलेली होती. नगरात आणि संकुलात तो रोज विचारला जातो. आडनाव काय, गाव कोणते, धर्म कोणता, स्वयंपाकात काय शिजते, अशी चौकशी झाल्यावरच किल्ली हाती येते. एका धर्माच्या किंवा समाजाच्या लोकांपुरती सहकारी गृहनिर्माण संस्था असू शकते का, हा प्रश्न अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २००५ साली न्यायालयाने, कायद्यात बदल होत नाही तोवर अशी संस्था आपल्या उपविधींनुसार सभासदत्व मर्यादित ठेवू शकते, असा निर्णय दिला. कायद्याने मुभा दिली आहे, हे खरे. परंतु मुभा असणे आणि तिचा वापर सर्वत्र करणे यांत अंतर आहे. ज्या किनाऱ्याचे पोट मासळीवर चालते, तेथे मासळी शिजवणाऱ्याला खोली नाकारायची आणि सकाळी त्याच्याच श्रमावर उभ्या असलेल्या पेठेत दुकान उघडायचे, यात विसंगती आहे. स्वतःच्या स्वयंपाकघराचा आचार प्रत्येकाने निष्ठेने पाळावा. त्या निष्ठेबद्दल आदरच आहे. शेजाऱ्याच्या चुलीवर पहारा ठेवणे हा मात्र त्या आचाराचा भाग नाही. हा विचार निर्णय म्हणून येथे मांडलेला नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी आणि समाजबांधवांनी त्यावर शांतपणे चर्चा करावी, एवढीच अपेक्षा आहे.

उपायांची यादी मोठी करता येईल. येथे चारच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात, कारण त्या शासनाची वाट न पाहता करता येण्यासारख्या आहेत.

पहिली : प्रत्येक कुटुंबाने वारसांची यादी आणि घराची कागदपत्रे या वर्षीच्या गणपतीत एकत्र बसून पूर्ण करावीत. सर्व वारस एका छपराखाली जमण्याचा तोच एक दिवस असतो. फेरफार नोंदवून घ्यावा आणि शक्य असेल तेथे वाटणीपत्र करावे. निदान दुरुस्तीचा खर्च कोणी व किती करायचा याचा लेखी ठराव तरी व्हावा.

दुसरी : ज्या धर्मादाय संस्थांकडे कायद्याचे जाणकार सभासद आहेत त्यांनी महिन्यातून एक दिवस रजा व परवाना करार, वारस नोंद आणि घरपट्टी यांविषयी विनामूल्य मार्गदर्शन ठेवावे. धर्मशाळा बांधणे हे जितके पुण्यकर्म, तितकेच बंद घराचे दार कायदेशीर रीतीने उघडून देणेही.

तिसरी : ग्रामपंचायतींनी आपापल्या वाडीतील बंद घरांची नोंद ठेवावी. घर राहण्याजोगे आहे का, मालकाची भाड्याने देण्याची तयारी आहे का, पाण्याची सोय काय, एवढी माहिती असली तरी शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी आणि कामगार यांना जागा शोधणे सोपे होईल. काही घरांत पर्यटकांसाठी घरगुती निवास सुरू होऊ शकतो. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेनेही स्थानिक कुटुंबांच्या अशा व्यवसायाला, घराचे जोते आणि रूप न बदलण्याच्या अटीवर, वाट ठेवली आहे.

चौथी गोष्ट जनगणनेची. २०२१ साली अपेक्षित असलेली गणना झाली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे आणि घरांच्या यादीचे काम त्याआधीच्या टप्प्यात ठरवले आहे. २०११ ची गणनाही फेब्रुवारीतच झाली होती. गणपती होऊन गेलेले असतात, शिमगा यायचा असतो आणि मे महिना दूर असतो. वाडीतली बहुतेक कुलुपे या दिवसांत लागलेलीच असतात. जो जेथे नेहमी राहतो तेथेच त्याची नोंद व्हावी हा गणनेचा नियम रास्त आहे आणि तो मोडण्याचे काही कारण नाही. परंतु घरांची यादी होईल तेव्हा बंद घर ‘रिकामे’ म्हणून नोंदवले जाते की सुटते, बागेतल्या झोपडीचा आणि बांधकामावरच्या शेडचा क्रमांक लागतो की नाही, याकडे स्थानिक लोकांनी लक्ष ठेवले पाहिजे. प्रगणक बाहेरगावचा असला तर सड्यावरची वाट आणि खाडीपलीकडची वाडी त्याला दाखवावी. नेपाळचा खलाशी आणि कर्नाटकातली खाणकामगार बाई त्या यादीत आली नाही, तर पुढच्या दहा वर्षांच्या पाण्याच्या, शाळेच्या आणि दवाखान्याच्या हिशेबात ती असणार नाही.

घर कोकणी माणसाला कधी नुसते छप्पर वाटले नाही. दूर देशी मेलेल्या माणसाचे दिवसदेखील शक्य तर गावच्या घरी करावेत, अशी येथील भावना आहे. ही ओढ खरी आहे आणि तिचा उपहास करू नये. परंतु ओढीने भिंत उभी राहत नाही. भिंत उभी राहते ती चुलीच्या धुराने, केरसुणीच्या फराट्याने आणि संध्याकाळी लावलेल्या दिव्याने. दिवा घरच्या सुनेने लावावा, हे उत्तम. ती दूर असेल तर दिवा एखाद्या परिचारिकेने, विद्यार्थ्याने किंवा परमुलखातून आलेल्या कामगाराने लावला तरी वासा तेवढाच टिकतो.

पन्नास वर्षांपूर्वी या संस्थेचा पाया घालणाऱ्यांच्या मागील पिढ्यांतही कोणी तरी प्रथम परगावाहून येथे आला असेल, कोणाच्या तरी ओटीवर त्याने पथारी टाकली असेल आणि किल्ली देणाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवला असेल. पुढील पन्नास वर्षांत ती किल्ली कोणाच्या हाती द्यायची, याचा निर्णय आता ज्यांच्यापाशी घरे आहेत त्यांनी घ्यायचा आहे.